तळाशी आद्याक्षरं टाका, पोट्टेहो

प्रति,
मिहानमध्ये, गायत्रीनगरच्या आयटी पार्कात, नाहीतर पुण्या-बंगळुरूच्या भाड्याच्या फ्लॅटात बसून आमची कामं मोबाइलमध्ये घालणाऱ्या नागपूरच्या पोरापोरींना

विषय : 'सिस्टीम घेत नाही' या उत्तराबाबत.
संदर्भ : नोव्हेंबर महिन्यातला काकूंचा चेहरा.

सप्रेम नमस्कार.

पत्र म्हटलं की आधी विषय आणि संदर्भ, ही खोड माझी या वयात काही जायची नाही. महालात माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. एकतीस वर्षं चालवली. बारा मशिनी, त्यातल्या चार मराठी. सकाळी सहाची पहिली बॅच, रात्री आठची शेवटची. क्लार्क-टायपिस्टच्या जागेसाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचं सर्टिफिकेट लागायचं, त्यामुळे बारावी झाली की पोरं आधी माझ्याकडे यायची आणि मग नशीब काढायला जायची. तुमच्यातल्या काहींचे आईबाप माझ्या हाताखालून गेलेले असतील. घरी विचारून बघा. महालातल्या टायपिंगच्या मॅडम म्हटलं की आठवतील, शिव्या देत का होईना.

नव्वदच्या दशकात पोरं विचारायची, "मॅडम, कॉम्प्युटर आल्यावर टायपिंगचं काय होणार?" मी ठासून सांगायची, "बोटं तर लागतीलच ना!" बोटं लागली. इन्स्टिट्यूट लागली नाही. गोदरेजनं टाइपरायटर बनवणं थांबवल्याची बातमी २०११ साली पेपरात वाचली, आणि पुढच्या काही वर्षांत माझ्या मशिनी भंगारवाल्याच्या काट्यावर चढल्या. किलोवर गेल्या. एक ठेवली आहे, तिच्यावर नातीनं शोभेची कुंडी ठेवली. तेव्हा एआयमुळे कोणाची नोकरी जाणार आणि कोणाची राहणार, हे मला विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर मी एकदा छातीठोक देऊन बसले आहे.

मला बोलायचं आहे ते पत्राच्या तळाबद्दल.

१९७७ मध्ये मी सीताबर्डीवर एका वकिलांकडे टायपिस्ट म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या जुन्या कारकुनानं शिकवलं, की मजकूर संपला, सहीची जागा सोडली, की सगळ्यात खाली डाव्या कोपऱ्यात साहेबांची आद्याक्षरं टाकायची, मग तिरकी रेघ, मग आपली. शब्द कोणाचे आणि बोटं कोणाची, ते त्या चार-सहा अक्षरांत कळायचं. मला तेव्हा भारी वाटलं, आपलंही नाव पत्रावर येतं म्हणून. ते कौतुकासाठी नसून पकडण्यासाठी आहे, हे पंधरा दिवसांत समजलं. एका नोटिशीत मी १,५०० च्या जागी १५,००० टाइप केलं. एक मूळ प्रत, कार्बनच्या तीन. ज्याला नोटीस गेली तो माणूस सायकल टाकून धापा टाकत ऑफिसात आला. वकीलसाहेबांनी कागद हातात घेतला, खालचा कोपरा बघितला आणि केबिनमधूनच माझ्या नावानं हाक मारली. झाला शोध. मग चारही प्रतींत चुकलेल्या आकड्यावर रेघ, वर बरोबर आकडा, आणि प्रत्येक दुरुस्तीच्या बाजूला साहेबांची छोटी सही. खाडाखोडीवर सही नसेल तर ती खाडाखोड चालत नाही, एवढं तर शाळा न पाहिलेल्या तुमच्या आज्यांनाही माहीत असतं.

चूक झाली, सापडली, खोडली, सही केली. आकडा पाच मिनिटांत जागेवर आला, रडणं माझं अर्धा तास चाललं.

आता काकूंकडे येते. आमच्या वाड्यात मागच्या खोल्यांत राहतात. काका एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली. त्या जागेवर आज मॉल आहे. त्यात तुम्ही बर्गर खाता. काका गेल्यावर काकूंना पेन्शन मिळते, आकडा सांगितला तर तुम्हाला हसू येईल. तुमच्या दोन बर्गरांपेक्षा थोडा जास्त. पण औषधं त्याच्यावर चालतात.

पेन्शन चालू राहायची तर दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी जिवंत आहे, असं सरकारदरबारी सांगायचं. पूर्वी त्याच्यासाठी रांगेत उभं राहावं लागे. आता मोबाइलला चेहरा दाखवला की झालं. सोय चांगली आहे, त्यात दुमत नाही. माझा दाखला मी चहा गाळता गाळता दिला.

काकूंचा चेहरा मात्र मोबाइलनं घेतला नाही. अंगणात उन्हात बसवलं, मग सावलीत बसवलं, मग भिंतीला पाठ लावून. अ‍ॅप सांगे, डोळे मिटून उघडा. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्याची पापणी जरा उतरलेली. त्या दोन्ही डोळे घट्ट मिटत, आणि उघडताना एक उघडे, दुसरा मागाहून. गोल फिरणारं चक्र, लाल अक्षरं, पुन्हा प्रयत्न करा. माझी नात मोबाइल धरून उभी, मी काकूंच्या कपाळावरचे केस मागे करतेय. सतरा वेळा केलं. सतराव्या वेळी काकूंनी विचारलं, "मॅडम, माह्या तोंडात काही कमी झालं काय हो?"

अंगठा लावून बघितला. आयुष्यभर लोकांची धुणीभांडी केलेली ती बोटं. त्यांच्यावर रेषा राहतील कुठून? "अंगठा येत नाही", असं सेंटरवरच्या पोरानं सांगितलं. नागपुरात हे वाक्य आता "पाणी येत नाही" इतकं रोजचं झालं आहे.

मग कार्यालयात गेलो. कोणतं ते सांगत नाही, कारण समोरचा क्लार्क भला होता आणि त्याच्या हातात काहीच नव्हतं. तो स्क्रीन आमच्याकडे वळवून म्हणाला, "बघा मॅडम, मला इथं ऑप्शनच नाही. सिस्टीम घेत नाही." काकू टेबलाला धरून उभ्या. म्हणाल्या, "मी तुमच्या समोर उभी आहो ना बाप्पा! मेली असती तं इथवर चालत आली असती काय?" क्लार्क कसनुसा हसला. त्यानं काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं. जिवंत मात्र करता आलं नाही.

तीन महिने पेन्शन आली नाही. तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो तर सेतू केंद्रावरच्या एका पोरीनं सहज म्हटलं, "आधारवरचा फोटो लई जुना असंल आजी, नवा काढून घ्या, मंग घेते." नवा फोटो काढला. काही दिवसांनी चेहरा जुळला. एका झटक्यात, पहिल्याच वेळी. काकू त्या पोरीला म्हणाल्या, "मंग तीन महिने कानून नाही सांगतलं कोणी?"

मला तोच प्रश्न तुम्हाला विचारायचा आहे. चेहरा का घेतला नाही, हे कोणालातरी माहीत होतं. त्या अ‍ॅपमध्ये बसून कोणीतरी ठरवलं होतं, की किती टक्के चेहरा जुळला तर माणूस जिवंत धरायचा. तो आकडा तुमच्यातल्याच कोणीतरी टाइप केला. त्याच्याही हातून १,५०० चे १५,००० झाले असतील, नसतीलही. पण त्या पानाच्या तळाशी मी बघितलं तर डाव्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. हाक कोणाला मारायची?

तुम्ही म्हणाल, मॅडम, आमची टीम चाळीस जणांची, एकाचं नाव कसं टाकणार? माझ्या वकीलसाहेबांच्या नोटिशीलाही चार हात लागायचे. मसुदा ज्युनिअरचा, तपासणी साहेबांची, टायपिंग माझं, तिकीट शिपायाचं. तरी कोपऱ्यात दोन नावं असायची, आणि ती पुरायची.

मी काही यंत्राच्या विरोधात नाही. उलट ज्याला बोटांनी लिहायचा कंटाळा आला आहे त्या बाईला तुम्ही बोलून लिहायची सोय दिली, त्याबद्दल तुमचं तोंड गोड करायला मी तयार आहे. हे पत्र मी झोपाळ्यावर बसून बोलते आहे आणि फोन लिहितो आहे. चाळीस वर्षं जी वेलांटी मी करंगळीनं शोधली ती आता नुसती हवेतून उमटते! फक्त त्याला आमची नागपुरी कळत नाही. मी 'का' या अर्थी 'काऊन' म्हटलं की तो काहीतरी भलतंच लिहितो. प्रमाण मराठी बोलले तर शहाण्यासारखा लिहितो, जरा घरच्यासारखी बोलले की गोंधळतो. म्हणजे इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबासमोर बोलावं तसं मला माझ्याच फोनशी बोलावं लागतं.

यात गंमत आहे तशी अडचणही आहे. आमच्या मोठ्या भाऊजींना एका ठिकाणाहून फोन आला होता. त्यांनी तक्रार टाकली होती, तिच्याबद्दल. बाईचा आवाज, पण बाई नव्हे. "आपली तक्रार अजून प्रलंबित असल्यास हो म्हणा, नसल्यास नाही म्हणा." भाऊजी म्हणाले, "हाव." ती म्हणाली, माफ करा, मला समजलं नाही. भाऊजी जरा मोठ्यानं, "हाव ना माय, हाव!" पुन्हा माफ करा. तिसऱ्यांदा भाऊजी वैतागून म्हणाले, "नाही समजत काय तुले?" त्यातलं 'नाही' तिला लख्ख समजलं. तक्रार बंद झाल्याचा मेसेज दुसऱ्या मिनिटाला आला.

हसून घ्या, आम्हीही हसलो. पण 'हाव' हा शब्द न कळणारी वस्तू विदर्भात होकार-नकार विचारायला पाठवू नये, एवढं तर तुमच्यातल्या एखाद्या नागपूरच्या पोरानं मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं. सरकारनं २०२२ मध्ये 'भाषिणी' सुरू केली, यंत्रांना आपल्या भाषा कळाव्यात म्हणून. त्यात लोकांकडून भाषादान मागतात; मोबाइलवर बोलून आपला आवाज द्यायचा. सुट्टीत घरी आलात की आजीला फोनसमोर बसवा. वऱ्हाडी बोलणारी असेल, भंडाऱ्याकडची झाडीबोली बोलणारी असेल, तिचा आवाज जाऊ द्या त्या खजिन्यात. ती नाहीतरी तुमच्याशी बोलायला टपलेलीच असते.

निवेदनांचं सांगते, कारण तो माझा विषय. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत माझ्याकडे रांग लागायची. गडचिरोलीहून, गोंदियाहून माणसं यायची, हातात चुरगळलेली चिठ्ठी, त्यावर मागण्या. मी मशीनवर कागद चढवायच्या आधी विचारायची, कोणाला द्यायचं? केव्हापासून अडलं आहे? किती जण आहात? आधी कोणाला दिलं होतं, त्याची पोच आहे काय? चौथ्या प्रश्नापर्यंत समोरच्याला आपलं म्हणणं आपल्यालाच नीट कळायला लागे. बरेचदा तो म्हणायचा, "थांबा मॅडम, असं नका लिहू, मी पुन्हा सांगतो." आणि ते दुसऱ्यांदा सांगितलेलं खरं निवेदन असायचं.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत गडरलाइन तुंबली. समोरचा पोट्टा हुशार, त्यानं एआयला सांगून दोन मिनिटांत निवेदन काढलं. काय भाषा! 'नागरिकांच्या आरोग्यावर होणारे दूरगामी दुष्परिणाम', 'सकारात्मक कार्यवाहीची अपेक्षा'. शुद्धलेखनाची एक चूक नाही. मला दाखवलं तेव्हा मी लाल पेन घेऊन बसले होते, ते तसंच राहिलं. मग मी विचारलं, "यात चेंबर कोणत्या घरासमोरचं ते कुठं आहे?" नव्हतं. किती दिवसांपासून, नव्हतं. आधी फोन कोणी केला होता, नव्हतं. कारण यंत्रानं विचारलंच नव्हतं आणि पोट्ट्यानं सांगितलं नव्हतं. ते निवेदन नागपुरातल्या कोणत्याही गल्लीत चाललं असतं, आणि म्हणून आमच्या गल्लीत चाललं नाही. शेवटी मी नातीच्या वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या, पिंपळाच्या झाडापासून तिसरं चेंबर, नऊ दिवस. माणूस आला.

एआयला लिहिता येतं याचं मला वाईट वाटत नाही. त्याला विचारता येत नाही, असंही नाही. नातीनं मला करून दाखवलं, सांगितलं तर तो प्रश्नही विचारतो. पण तसं बनवायला कोणाला सुचलं नाही, कारण लवकर काढून देणं म्हणजेच चांगलं, असं तुम्ही धरून चालला आहात. माझ्याकडे स्पीडच्या परीक्षेत पन्नास शब्द काढणारी पोरं होती जी पानभर चुका करायची. त्यांना मी नापास करत असे.

यंत्र कुठे बरोबर बसतं ते आपल्या शहरातच बघा. २०२१ मध्ये नागपुरात 'आयरास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. महानगरपालिका, हैदराबादची ट्रिपल आयटी, इंटेल, दिल्लीची रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा अशी सगळी मंडळी त्यात. शहर बसच्या पुढे कॅमेरा बसवला. समोर कोणी आडवं आलं, पुढची गाडी फार जवळ आली, की ते ड्रायव्हरला आवाज देऊन सावध करतं. मला हे पटलं. यंत्र ओरडतं, ब्रेक माणूस मारतो. उद्या काही झालं तर ड्रायव्हरच्या छातीवर बिल्ला आहे, त्यावर नंबर आहे. आद्याक्षरं जागेवर आहेत.

पोलिसांचंही बघा. राज्यानं २०२४ मध्ये 'मार्व्हल' नावाची कंपनी काढली, पोलिसांच्या कामात एआय वापरायला, आणि तिचं ठाणं नागपूरच. ९ ऑगस्ट २०२५ ला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, देवलापारकडे जबलपूर महामार्गावर ट्रकच्या धडकेत एक बाई गेली. नवरा हात जोडून गाड्या थांबवत होता, कोणी थांबलं नाही, म्हणून त्यानं तिचा देह मोटरसायकलला बांधला आणि निघाला. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. त्याला ट्रकचा नंबर माहीत नव्हता, ट्रकवर लाल खुणा होत्या एवढंच आठवत होतं. टोलनाक्यांवरचं चित्रण एआयनं चाळलं आणि ३६ तासांत ट्रक सापडला. माणसाला हे आठवडाभरातही जमलं नसतं, हे मान्य करायला मला जड जात नाही. जड जातं ते आधीचं. त्या रस्त्यावरून त्या दुपारी गेलेल्या प्रत्येक गाडीत एक मोबाइल असेल, बहुतेकांत नकाशा चालू असेल. त्याचा दोष तुम्हाला देत नाही. पण ट्रक सापडल्याची बातमी वाचून गल्लीतले लोक "एआयनं कमाल केली" म्हणत होते तेव्हा मला दुसरा घास गेला नाही.

तिथेही यंत्रानं ट्रक दाखवला. अटक पोलिसानं केली, त्याचं नाव कागदावर आहे, पुढे कोर्ट आहे. जिथे यंत्र बोट दाखवतं आणि सही माणूस करतो तिथे माझी तक्रार नाही. जिथे सहीही यंत्राच्याच हातात गेली, तिथून काकूंची गोष्ट सुरू होते.

आणि ही फक्त काकूंची गोष्ट आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये याहून भयंकर झालं. तिथल्या पोस्टात १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आली, फुजित्सू कंपनीची. गावोगावच्या छोट्या पोस्टांच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली. पोस्टमास्तर सांगायचे, आम्ही पैसे घेतले नाहीत. त्यांना उत्तर मिळायचं, अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच. एकट्याच असलेल्या अशा ९०० हून जास्त जणांवर गुन्हे सिद्ध झाले. काही तुरुंगात गेले, कित्येकांनी घरं विकून न झालेली तूट भरून दिली, काहींनी जीव दिला. संगणक नीट चालतो हे तिथल्या कोर्टात गृहीतच धरलं जायचं. तो चुकला हे सिद्ध करायचं ओझं पोस्टमास्तरवर. शेवटी २०२४ मध्ये पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. पंचवीस वर्षं! माझ्या १५,००० ला पाच मिनिटं लागली होती.

गंमत अशी, की आपल्याकडे कायद्यानं माणूस कागदावर ठेवलेला आहे. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अर्ज दिला की पोच द्यायची, ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायची, आणि नाकारायची तर कारण लेखी द्यायचं. अपील कोणाकडे करायचं, किती दिवसांत करायचं, तेही सांगायचं. पदनिर्देशित अधिकारी असा भारदस्त शब्द आहे त्यात. टाइप करायला त्रास व्हायचा, पण अर्थ सोपा आहे, बोलवायला एक माणूस पाहिजे. मग २०२३ मध्ये दिल्लीहून डिजिटल डेटाचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. आपली माहिती चुकीची असेल तर दुरुस्त करून मागायचा हक्क त्यात दिला आहे, तक्रार ऐकायची सोय ठेवायची असंही आहे. कायदे करणारे सगळेच काही झोपलेले नसतात. मग 'पुन्हा प्रयत्न करा' हे कोणत्या कायद्यातलं लेखी कारण आहे, ते मला कोणी सांगावं. लाल अक्षरांत आहे म्हणून लेखी धरायचं काय?

तेव्हा तुमच्याकडून मला काय हवंय, तर फार नाही. ज्या पानावर तुमचं यंत्र कोणाला नाही म्हणणार असेल, त्या पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात जागा सोडा. तिथे लिहा की हे नाही कोणाच्या वतीनं आहे, कोणत्या पदावरच्या माणसाच्या, तो कोणत्या इमारतीत, कोणत्या टेबलाशी बसतो. नाही कशामुळे, तेही साध्या मराठीत. चेहरा जुळत नसेल तर 'आधारवरचा फोटो जुना असू शकतो, तो नवा काढा' ही एक ओळ घालायला किती बोटं लागतात? मी मोजली, पंचेचाळीस सेकंद. तेही आता सराव नाही म्हणून.

आणि त्या क्लार्कला एक बटण द्या. 'माणूस समोर उभा आहे, मी पाहिला' असं. ते दाबलं की त्याचं नाव, तारीख, वेळ खाली उमटेल, आणि उद्या खोटं निघालं तर त्याला हाक मारता येईल. तुम्ही म्हणाल, त्यातून भ्रष्टाचार होतो, म्हणूनच तर माणूस काढला. होतो, मला माहीत आहे, मी सरकारी कागद चाळीस वर्षं टाइप केलेत. मेलेल्यांच्या नावानं पेन्शन खाणारे याच शहरात होते. पण त्यांना पकडलं ते त्यांच्या सहीवरून. सही काढून टाकल्यानं चोर गेला नाही. आता तो ओटीपी मागतो, 'डिजिटल अरेस्ट' म्हणून धमकावतो, पोलिसांच्या कपड्यात व्हिडिओवर दिसतो. आमच्या भिशीतल्या एकीला दोन तास त्यानं स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं. देवाची कृपा, कुकरच्या शिट्टीनं ती उठली आणि शेजारणीनं सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावून दिला. तिथे मात्र माणूस बोलला.

पुढच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत बघायला या, सुट्टी टाकून. काळी मारबत, पिवळी मारबत या पुतळ्या आणि मागे बडग्यांचे पुतळे. दरवर्षी कोणाचा ना कोणाचा बडग्या निघतोच, भाववाढीचा, भ्रष्टाचाराचा. गल्लीतल्या पोरांना मी यंदा सुचवून ठेवलं आहे, की एक बडग्या 'सिस्टीम घेत नाही' याचा करा. गोल फिरणारं चक्र आणि खाली लाल अक्षरं. पोरं म्हणाली, मॅडम, चेहरा कोणाचा लावायचा? तिथेच अडलं आहे. भाववाढीला चेहरा सापडतो, याला सापडत नाही. 'ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत' असं ओरडायचं तरी कोणाकडे बघून?

काकूंचा पुढचा नोव्हेंबर येतोच आहे. या वेळी दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालेलं असेल.

आपली,
टायपिंगच्या मॅडम
महाल, नागपूर

मॅ. / फोन / नात

ता. क. : वर काकूंच्या बोलण्यात 'कानून' आलं आहे तिथे 'काऊन' वाचावे. चूक फोनची. दुरुस्ती माझी. मॅ.